‘एक अभियंता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ३० सेंटिमीटरचा पिक्सेल आणि झाडाखालची जमीन

नमस्कार.

रस्ते आणि रेल्वेमार्गांच्या आखणीत उपग्रह कुठे पुरतो आणि विमान कुठे लागतं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक अभियंता’ या नावाने प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोषवारा देतो. तुमचे मुद्दे असे : उपग्रहावरून आता ३० सेंटिमीटरची प्रतिमा मिळते, तेव्हा विमान उडवण्याचं कारण उरलेलं नाही. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहमालिकेबद्दल मी दिलेला आकडा चुकला आहे. उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो, विमान एकदाच जातं. ड्रोनला मी दोन ओळींत गुंडाळलं आहे. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत : ‘तुमच्यासारख्या जुन्या मोजणीवाल्यांना दुकान चालू ठेवायचं आहे, म्हणून असे लेख लिहिले जातात.’

या शेवटच्या वाक्याने मला राग आला. तो लपवून गोड बोलणं मला जमणार नाही.

माझं कसलंही दुकान नाही. मी सव्वीस वर्षं पगारावर काम केलं. विमान माझ्या मालकीचं नव्हतं आणि उपग्रहाच्या प्रतिमा विकत घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णयही कधी माझ्या हातात नव्हता. सुरुवातीची सहा वर्षं स्टिरिओ प्लॉटरवर, म्हणजे हवाई छायाचित्रांवरून उंची मोजायच्या यंत्रावर, बसून गेली. डाव्या डोळ्याला एक हवाई छायाचित्र, उजव्या डोळ्याला शेजारचं, आणि मध्ये एक बारीक प्रकाशाचा ठिपका. हाताने चाक फिरवून तो ठिपका जमिनीला ‘टेकवायचा’. वर राहिला तर तरंगतो, खाली गेला तर जमिनीत रुतल्यासारखा दिसतो. बरोबर टेकला की उंची नोंदवायची, मग पुढचा बिंदू. दिवसाला शेकडो. संध्याकाळी बसच्या पाटीवरची अक्षरं दोन-दोन दिसायची. हे काम ज्याने केलंय त्याला उंची म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तुम्ही अभियंता आहात असं नावावरून दिसतं, पण नाव लिहायचं टाळून दुसऱ्याच्या हेतूवर शंका घेणं मला पटलेलं नाही. मुद्द्यावर भांडा, हेतूवर कशाला?

लँडसॅटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ‘१९७२ पासून ३० मीटर’ असं मी लिहिलं, ते चूक होतं. २३ जुलै १९७२ रोजी गेलेल्या पहिल्या लँडसॅटवरच्या बहुवर्णी स्कॅनरचा पिक्सेल जमिनीवर साधारण ८० मीटरचा होता. ३० मीटर आले ते थीमॅटिक मॅपर या नव्या स्कॅनरबरोबर, लँडसॅट-४ वर, १९८२ मध्ये. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. तुम्ही लिहिता, ‘३० सेंटिमीटरचा पिक्सेल म्हणजे ३० सेंटिमीटरचा नकाशा, इतकं साधं आहे.’

ते इतकं साधं नाही. पिक्सेल सांगतो की केवढी वस्तू वेगळी दिसेल. ती वस्तू पृथ्वीवर नेमकी कुठे आहे आणि किती उंचीवर आहे, हे पिक्सेल सांगत नाही. रस्त्यावरचा पांढरा पट्टा १०-१५ सेंटिमीटर रुंद असतो. तरी ३० सेंटिमीटरच्या प्रतिमेत तो दिसतो, कारण काळ्या डांबरावर तो चमकतो आणि अख्खा पिक्सेल उजळून टाकतो. म्हणून त्या प्रतिमेवरून पट्ट्याची रुंदी मोजता येते का? नाही येत. दिसणं वेगळं, मोजणं वेगळं. आमच्या धंद्यात नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

जागेचं बघू. वर्ल्डव्ह्यू-३ हा उपग्रह २०१४ मध्ये गेला, ६१७ किलोमीटरवरून फिरतो आणि सरळ खाली पाहिलं तर ३१ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. सरळ खाली पाहिलं तर! हवी ती जागा हव्या त्या दिवशी मिळावी म्हणून तो बहुतेक वेळा तिरका पाहतो. २५ अंश तिरका पाहिला आणि तुमच्या हातातल्या उंचीच्या प्रतिमानात (म्हणजे जागोजागची उंची सांगणाऱ्या संगणकीय नकाशात) त्या जागी १० मीटरची चूक असली, तर प्रतिमा सरळ करून घेतल्यावर तो बिंदू जमिनीवर सुमारे ४.७ मीटर बाजूला सरकतो. १० गुणिले टॅन २५, कॅल्क्युलेटरवर करून पाहा. ४.७ मीटर म्हणजे पंधरा पिक्सेल. प्रतिमा सुरेख, गाड्यांच्या काचासुद्धा दिसतात, आणि रस्ता शेजारच्याच्या जमिनीत. जमिनीवर जाऊन नियंत्रण-बिंदू (नेमकी जागा माहीत असलेल्या खुणा) मोजले, चांगलं उंचीचं प्रतिमान वापरलं, तर ही चूक कमी होते हे मला माहीत आहे. मग ते चांगलं उंचीचं प्रतिमान आणायचं कुठून, हाच तर माझ्या लेखाचा विषय होता!

तुम्ही म्हणाल, उपग्रहाच्याच जोडप्रतिमांवरून, म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या प्रतिमांवरून. मान्य, उघड्या माळावर मी ते आनंदाने वापरीन. कार्टोसॅट-१ वर मी स्वतः काम केलं आहे. मे २००५ मध्ये गेलेला हा उपग्रह, एक कॅमेरा २६ अंश पुढे पाहणारा, दुसरा ५ अंश मागे, पिक्सेल २.५ मीटर. दोन नजरांमधलं अंतर उपग्रहाच्या उंचीच्या साधारण ०.६ पट, म्हणजे जुळवणीत एका पिक्सेलची चूक झाली की उंचीत चारेक मीटरची होते. तोच हिशेब ३० सेंटिमीटरच्या पिक्सेलला लावला तर अर्धा मीटर येतो. फार चांगलं आहे. मी उपग्रहाचा शत्रू असतो तर हा हिशेब तुम्हाला दिला नसता.

पण झाडीत काय करणार? कॅमेरा विमानावर असो की उपग्रहावर, त्याला झाडाचा शेंडा दिसतो. दोन प्रतिमांमध्ये जुळतात ते शेंडे, आणि उंची निघते ती शेंड्यांची. रडारचंही तेच. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ६० मीटर लांब दांडा बाहेर काढून अकरा दिवसांत रडारने ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांशांपर्यंतची जमीन मोजली. त्या मोहिमेबद्दल मला नितांत आदर आहे. त्या प्रतिमानाशिवाय आमचं निम्मं प्राथमिक काम झालंच नसतं. पण तिथला सी-बँड (काही सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरी) दाट जंगलात जमिनीपर्यंत पोचत नाही, तो पानाफांद्यांत कुठेतरी थांबतो. आणि ही चूक इकडे थोडी जास्त, तिकडे थोडी कमी अशी नसते, की सरासरीत मिटून जावी. झाडी आहे तिथे सगळी जमीन वरच सरकते. चूक एकाच दिशेची असली की बेरीज करताना ती मरत नाही, वाढत जाते.

आता जे सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. एका डोंगराळ रस्त्याच्या आखणीचं काम होतं. वेळ कमी म्हणून उपग्रहाच्या जोडप्रतिमांवरून तयार केलेलं उंचीचं प्रतिमान विकत घेतलं गेलं. पुरवठादाराने कागदावर ‘जमिनीची पातळी’ असं लिहून दिलं होतं. आखणी झाली, लांबछेद, म्हणजे रस्त्याच्या लांबीभर जमिनीची आणि रस्त्याची उंची दाखवणारा आलेख, छापून आला. त्यात एका ठिकाणी ४०० मीटर लांबीचं, ९ मीटर खोल कटिंग. रस्त्याची रुंदी १२ मीटर, म्हणजे बाजूचे उतार न धरताच ४३,२०० घनमीटर खोदाई. दहा घनमीटरचा टिपर धरला तर चार हजारांवर खेपा.

लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन आमची तुकडी तपासायला गेली, मी बरोबर होतो. साखळी मोजत त्या जागी पोचलो. स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली मोजकाठी, धरणारा मुलगा झाडीत शिरला, दहा पावलं गेला आणि तिथून ओरडला, ‘साहेब, इथे टेकडीच नाही!’ जंगलाची कड जिथे सुरू होत होती तिथेच नकाशातली टेकडी सुरू होत होती, आणि जंगल संपत होतं तिथे ती संपत होती. १३ मीटर उंच झाडांची टेकडी. हिशेब बसवला तेव्हा कळलं की खरी जमीन रस्त्याच्या ठरलेल्या पातळीपेक्षा ४ मीटर खाली होती. नकाशात जिथे कटिंग, तिथे प्रत्यक्षात भराव घालायचा होता! मधून एक ओढा जात होता, त्याच्यावर मोरी लागणार होती. नकाशात ओढ्याचा पत्ता नव्हता. पाणी कुठून वाहतं हेच माहीत नसताना त्या भरावाचं पहिल्या पावसात काय झालं असतं, याचा विचार आजही मनात आला की पोटात गोळा येतो.

हे निविदेआधी सापडलं म्हणून निभावलं. मी लेखात विमानाचा आग्रह धरला तो या ओढ्यामुळे. दुकान कुठून आलं यात?

‘झाडं सॉफ्टवेअरने वजा करता येतात’, असंही तुम्ही कंसात लिहिलंय. करता येतात, जिथे मधूनमधून उघडी जमीन दिसते तिथे. सलग झाडीत सॉफ्टवेअर या कडेच्या मोकळ्या जागेपासून त्या कडेच्या मोकळ्या जागेपर्यंत सरळ चादर ताणतं. ओढा त्या चादरीखाली जातो.

विमानातला लायडार (लेसरचे स्पंद सोडून अंतर मोजणारं यंत्र) वेगळं काय करतो ते लेखात होतं, तरी पुन्हा सांगतो, कारण तुम्ही तो भाग वाचलेला दिसत नाही. लेसरचा प्रकाश पानं भेदून जात नाही. तो फटींतून जातो. एका स्पंदाचा काही प्रकाश शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांदीवरून, आणि फट मिळाली तर शेवटचा जमिनीवरून. हजार मीटरवरून जाऊन परत यायला प्रकाशाला ६.७ मायक्रोसेकंद लागतात आणि त्यात एक नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटर. असे लाखो स्पंद दर सेकंदाला सुटतात. दाट झाडीत त्यातले थोडेच तळाला पोचतात, पण जे पोचतात ते खऱ्या जमिनीला लागून आलेले असतात. त्या थोड्या ठिपक्यांतून ओढ्याचा काठ उभा राहताना मी पडद्यावर पाहिला आहे. प्लॉटरवर सहा वर्षं शेंड्यांवर ठिपका टेकवून ‘झाडाची उंची अंदाजे वजा’ अशी नोंद करणाऱ्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हाला येणार नाही.

लायडार चुकत नाही असं मी म्हटलेलं नाही. विमान हलतं, डुलतं. त्याच्या कोनाचं मोजमाप ०.०१ अंशाने चुकलं तरी हजार मीटर खाली ठिपका १७ सेंटिमीटर सरकतो. म्हणून पट्टे एकमेकांवर चढवून उडवायचे, जुळतात का पाहायचं, जमिनीवर तपास-बिंदू घ्यायचे. ही मेहनत आहे आणि ती महाग आहे. पण चूक कुठून येते हे त्यात माहीत असतं.

राहिले बाकीचे मुद्दे. ड्रोनबद्दल : छोट्या लांबीला उत्तम, एखादा पूल, एखादी दरड, एखादी खाण. शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याला बॅटरी आणि परवानगी दोन्ही आडव्या येतात. यापेक्षा जास्त लिहिण्याची मला गरज वाटत नाही. उपग्रहावरून वाहनं मोजण्याचं तुम्ही म्हणालात. सेंटिनेल-२ हा प्रतिमा घेणारा उपग्रह विषुववृत्त ओलांडतो तो नेहमी स्थानिक सकाळी साडेदहाच्या सुमारास. साडेदहाच्या गर्दीवरून संध्याकाळच्या गर्दीचा चौक आखायचा असेल तर खुशाल आखा.

उपग्रह पुन्हा पुन्हा जातो, हे खरं आहे. सरकणारे उतार, खचणारे भराव यांच्यावर रडारने नजर ठेवणं हे काम उपग्रहाचंच. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर, त्यामुळे जमीन त्याच्या दिशेने २.८ सेंटिमीटर सरकली की व्यतिकरणाचा (दोन वेळच्या रडारप्रतिमा ताडून पाहिल्यावर दिसणारा) एक पूर्ण पट्टा उमटतो. विमानाला हे वर्षानुवर्षं परवडणार नाही. पण माझा लेख रस्ता बांधण्याआधीचा होता, बांधल्यानंतरचा नव्हता. शीर्षकातच ‘आखणी’ हा शब्द आहे, तो वाचून मग ‘लेखकाला काळ बदललेला माहीत नाही’ असं लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

तुमच्याकडे सलग झाडीतल्या पट्ट्याचं उपग्रहावरून केलेलं उंचीचं प्रतिमान असेल आणि त्याच पट्ट्यात जमिनीवर मोजलेले तपास-बिंदू असतील, तर दोन्हींतला फरक इथे लिहा. बिंदू किती, फरक किती आणि कुठल्या दिशेने, एवढंच. मी ते आकडे या उत्तराच्या वर, सगळ्यांना दिसतील असे लावीन.