दोर माल धरत नाही

कोल्हापूरजवळचे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. तिन्ही एमआयडीसीतून कास्टिंगच्या (धातू ओतून केलेल्या जड भागांच्या) गाड्या बाहेर पडताना गेटवर कागदं तपासली जातात. ई-वे बिल, बिल्टी, काट्याची पावती. माल कसा बांधलाय ते बघायला सहसा कुणी वर चढत नाही. गाडी भरणं कंपनीचं आणि बांधणं ड्रायव्हरचं, अशी वाटणी आपल्याकडं रूढ झाली आहे. वाटेत माल सरकतो त्या घोळाचं मूळ माझ्या मते तिथंच आहे. माल कुठं ठेवायचा, कशावर ठेवायचा, मध्ये फट किती राहू द्यायची, हे फोर्कलिफ्टवाल्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. ड्रायव्हरच्या हातात उरतो फक्त दोर. आणि दोराबद्दलचा आपला समजच उलटा आहे.

वरून आडवा टाकलेला दोर किंवा बेल्ट माल धरत नाही, तो मालाला तळावर दाबतो. माल जागेवर राहतो तो तळाशी होणाऱ्या घर्षणामुळं. तळ गुळगुळीत असेल तर वर कितीही आवळा, उपयोग थोडाच.

हिशेब करून बघू. युरोपातल्या बांधणीच्या मानकात जोरदार ब्रेकला मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढं धरतात आणि वळणावर ०.५ पट बाजूला. २,००० किलोचा पॅलेट (खाली फळ्यांची चौकट, वर रचलेला माल) घ्या. पुढं सरकायचा जोर झाला १,६०० किलो. स्वच्छ, कोरड्या लाकडी तळाचं घर्षण वजनाच्या ०.३ पट धरलं तर ६०० किलो तिथंच थोपवले गेले, उरले १,०००. बेल्ट ४०० किलोच्या ताणानं आवळला तर दोन्ही बाजू मिळून फार तर ८०० किलो दाब पडतो. त्याचं ०.३ म्हणजे २४०. म्हणजे पाच बेल्ट लागले, एका पॅलेटला! तळ घाणेरडा असून घर्षण ०.२ वर आलं तर तोच हिशेब आठ बेल्टवर जातो. आणि खाली चांगली रबरी मॅट टाकून ०.६ मिळालं तर एकात भागतं. तरी दोन टाकायचे, कारण एका बेल्टखाली पॅलेट फिरतो.

हा हिशेबही बेल्ट जवळजवळ उभा आहे असं धरून केलेला. कास्टिंगचा पॅलेट वजनाला राक्षस आणि उंचीला जेमतेम गुडघ्याएवढा. गाडीच्या मधोमध ठेवला की बेल्ट कडेच्या हुकापासून जवळजवळ आडवाच येतो. तळाशी ३० अंशाचा कोन झाला तर दाब थेट निम्मा. आपल्या भागातल्या मालाला वरून बांधणं सगळ्यात कमी लागू पडतं आणि आपण नेमकं तेवढंच करतो.

आता तळाकडं बघा, अगदी वाकून. फाउंड्रीत भरलेल्या गाडीच्या तळावर मोल्डिंगची वाळू असतेच. शिवाय शॉट ब्लास्टिंगचे, म्हणजे कास्टिंग साफ करायला त्यावर मारलेले, बारीक पोलादी शॉट कास्टिंगच्या पोकळीत अडकलेले असतात, ते हादऱ्यांनी गळतात. मोहरीपेक्षाही लहान, गोल, कडक दाणे. पत्र्याच्या तळावर ते पसरले आणि वर पॅलेट बसला की झालं बेअरिंग तयार. त्यात आधीच्या भाड्यातलं ऑइल सांडलेलं असेल तर बघायलाच नको. भरायच्या आधी दहा मिनिटं खराटा मारणं ही सगळ्यात स्वस्त बांधणी आहे. ते काम क्लीनरचं की कंपनीचं यावर वाद घालत बसण्यापेक्षा डिस्पॅचवाल्यानं खराटा लोडिंगच्या जागीच टांगून ठेवावा.

खरा इलाज अडकवण्यात आहे. पहिला पॅलेट केबिनमागच्या फळीला भिडवायचा, दुसरा पहिल्याला, आणि राहिलेल्या फटीत लाकडाचे ओंडके ठोकून बसवायचे. फट चार बोटांची असली तरी ती सोडायची नाही. माल तेवढा सरकला की वेग घेतो आणि आपटतो, मग बेल्टला ताण नाही, झटका बसतो. स्थानिक बॉडीची पुढची फळी बऱ्याचदा पातळ पत्रा आणि अँगलची असते. सगळा भार तिच्या एका जागेवर द्यायचा नाही, आडवा जाड ओंडका लावून पसरवायचा. वजन ॲक्सलवर नीट येण्यासाठी माल मागं ठेवावा लागला तर पुढच्या मोकळ्या जागेत लाकडी चौकट करायची. लाकडी तळ असेल तर पाचर खिळ्यांनी ठोकायची. फ्लायव्हील, पुली असला गोल माल आडवा झोपवायचा. उभाच न्यायचा असेल तर दोन्ही बाजूंनी पाचर हवीच.

वजनाच्या वाटणीवरून एक सांगतो. ट्रेलरवर सगळं मागं लोटलं की जोडणीवरचा भार कमी होतो आणि घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या चाकांची पकड जाते. सगळं पुढं घेतलं तर एकूण वजन काट्यावर बरोबर दिसतं, पण ड्राइव्ह ॲक्सल, म्हणजे घोड्याच्या त्याच मागच्या चाकांचा, जास्त भरलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. माल बॉडीबाहेर आला तरी २०,०००. (उसाच्या हंगामातल्या ट्रॉल्यांकडं बघून हा कायदा खरा वाटत नाही, ती गोष्ट वेगळी.)

बेल्टचं सांगायचं तर लेबल शाबूत नसलेला बेल्ट किती ताण झेलतो हे कुणालाच ठाऊक नसतं, तो वापरू नये. बेल्टला गाठ मारली की ताकद साधारण निम्म्यावर येते. रॅचेटच्या (बेल्ट आवळायच्या दातेरी हँडलच्या) रिळावर किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे. हँडलला पाइप लावून आवळणं ही आपली लाडकी सवय, त्यानं रॅचेटचे दाते जातात. कास्टिंगची धार बेल्ट कापते. पुठ्ठा ठेवून फसवणूक करू नका, जुन्या टायरचा तुकडा किंवा पत्र्याचा कोन घाला.

साखरेची ५० किलोची पोती किंवा गूळ यांना दोर चालतो, तिथं थप्पीच एकमेकांत गुंफायची असते. विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडत रचायचं आणि वरचे थर थोडे आत घ्यायचे. गुळाचं दुखणं पावसाळी हवेत. त्याला पाणी सुटलं की खालचा थर बसतो आणि सकाळी कडक असलेला दोर दुपारी लोंबतो.

बसणं सगळ्याच मालाचं होतं, म्हणून पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत एकदा थांबून सगळं पुन्हा आवळायचं. पुण्याकडं जाणाऱ्याला किणी टोलनाक्याच्या आसपास बाजूला घेणं सोयीचं. आंबा घाट किंवा गगनबावड्यानं कोकणात उतरणाऱ्यानं घाट लागायच्या आधी पुन्हा बघायचं, तिथं जोर बाजूचा असतो. आणि कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यापुढं कुठलीच बांधणी टिकत नाही.

राहिलं उतरवणं. वाटेत सरकलेला माल फाळक्याला (गाडीच्या उघडत्या फळीला) टेकून बसलेला असू शकतो. फाळक्याची कडी काढणाऱ्यानं समोर नाही, बाजूला उभं राहायचं. त्याआधी कडेनं वर चढून आत नजर टाकायची, आणि माल टेकलेला दिसला तर फोर्कलिफ्टनं तो आधी दाबून धरायचा, मगच कडी काढायची. बेल्टही सगळे एकदम सोडायचे नाहीत. जो पॅलेट उचलायचा, त्याचेच सोडायचे.