सातव्या मजल्यावरचं मोहोळ

मागच्या फेब्रुवारीत आमच्या मुलुंडच्या इमारतीला, सातव्या मजल्याच्या छज्ज्याखाली, आग्या मोहोळ लागलं होतं. चांगलं दोन हात रुंद. समोरच्या जिन्यातून पाहिलं की माश्यांच्या अंगावरून लाट सरकल्यासारखी दिसायची. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या रात्री फवारणीवाले आले. सकाळी पार्किंगमध्ये झाडूने माश्यांचे ढीग लोटले जात होते. काहींचे पाय अजून हलत होते.

लोकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आग्या माशी चिडली की थव्याने अंगावर येते, आणि डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर जिवावर बेतू शकतं. सहाव्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. पण ही माशी बारमाही मुक्कामाला येत नाही हे त्या दोन दिवसांत कुणीच विचारात घेतलं नाही. पावसाळ्यानंतर येते, आसपासचा फुलोरा सरला की आपणहून निघून जाते. आमच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, तिथे तेव्हा काटेसावर फुलली होती. त्यासाठीच आल्या असणार.

त्याच आठवड्यात निफाडहून मामाचा फोन आला. तो कांद्याचं बी करतो. म्हणाला, "पोरी, डेंगळ्यांचे गोंडे पांढरेशुभ्र फुललेत, पण माशीच नाही." डेंगळे म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून ते फूल स्वतःच्या परागांवर बी धरत नाही. दुसऱ्या फुलाचे पराग कुणीतरी आणून द्यावे लागतात, आणि ते काम मुख्यतः माश्या करतात. मामा आता मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो. शेजारच्या शेतात ऐन फुलोऱ्यात सकाळी फवारणी झाली की त्या पेट्यांतल्या माश्याही मरतात. संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर फवारा, एवढंच तो बिचारा सगळ्यांना सांगत फिरतो.

फोन ठेवला आणि मला तो पार्किंगमधला ढीग आठवला.

आपण मुंबईकर माशी म्हटलं की मध म्हणतो. मला तर मध ही तिची सगळ्यात लहान देणगी वाटते. काकडी, कारली, लाल भोपळा, कलिंगड या वेलींवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग नीट पोचले नाहीत तर काकडी एका टोकाला फुगते, दुसऱ्या टोकाला आकसते. बाजारात आपण तसली काकडी बाजूला सारतो. भात, गहू, ज्वारी माशीवाचून पिकतात, हे खरं. पण जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं कमीअधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या जीवांवर अवलंबून आहेत. ताटातली पोळी राहील, भाजी-फळं कमी होतील.

ग्रुपवर एकांनी लिहिलं होतं, "माश्या पेट्यांत पाळता येतात, मग ही मेली तर काय?" पेटीत सातेरी ही आपली देशी माशी राहते, मेलिफेरा ही परदेशातून आणलेली माशी राहते. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिला उघड्यावरचं एकच मोठं पोळं लागतं, उंच झाडावर किंवा कड्यावर. उंच झाडं आपण तोडली, म्हणून ती आपल्या छज्ज्यावर येते. ती मेली तर तिच्या जागी पेटी ठेवून भागत नाही.

काही आठवडे बाल्कनीचे दिवे रात्री मालवले असते, त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावली असती, तर बहुधा निभावलं असतं. माश्या रात्री उजेडाकडे येतात, म्हणून तर घरात शिरतात. अगदीच धोका वाटला तर विष न मारता मोहोळ हलवणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावं. पैसे थोडे जास्त गेले तरी जावेत, मी माझा वाटा देईन.

छज्ज्याखाली मेणाचा पिवळट डाग अजून आहे. आग्या माश्या जुन्या जागा पुन्हा धरतात, म्हणून पाऊस सरल्यावर तिथे दुसरं मोहोळ लागू शकतं. सेक्रेटरींना मी लेखी कळवलंय, फवारणीवाल्याच्या आधी मला फोन करा. त्यांनी हो म्हटलंय.