पन्नाशीनंतरचा नाद

समजा तुमचं वय 53 आहे, इंदूरला लोकमान्य नगरात राहता, आवाज पेटीच्या काळी दोन पट्टीत बरा लागतो आणि अजूनही आपलं गाणं एकदा रेडिओवर लागावं असं तुम्हाला वाटतं. तर सगळ्यात आधी, हे कोणाला सांगू नका. रक्तदाब सांगावा, गुडघे सांगावेत, शेअर बाजारात बुडालेले पैसेही सांगावेत. लोक जवळ येऊन बसतात. गाण्याचं सांगितलं की चपला शोधायला लागतात.

सांगून बसलाच असाल तर वय बदला. 8 वर्षांचे व्हा. माइकपेक्षा बुटका मुलगा उभा राहिला की तो बेसूर गायला तरी आज्या डोळे पुसतात. तेवढं जमत नसेल तर सरळ 80 चे व्हा, म्हणजे शाल मिळते, श्रीफळ मिळतं आणि सूत्रसंचालिका दर दोन वाक्यांनी ‘या वयातही’ म्हणते. मधलं वय मात्र फार अडचणीचं. रेडिओचंच बघा. मुलांसाठी बालसभा, तरुणांसाठी युववाणी, बायकांसाठी दुपार, शेतकऱ्यांसाठी संध्याकाळ, फौजी भावांसाठी वेगळी फर्माइश. गृहकर्जाचे हप्ते फेडत असलेल्या आणि अहिर भैरव राग येत असलेल्या माणसासाठी काही काढावं, असं मात्र आजवर कोणाला सुचलेलं नाही.

दुसरी चूक तुम्ही जन्मतःच केलेली आहे. तुम्ही इंदूरला जन्मलात आणि इंदूरलाच राहिलात. संगीतात असं चालत नाही. लताबाई 1929 मध्ये इथल्या सिख मोहल्ल्यात जन्मल्या आणि वेळेवर निघून गेल्या. कुमार गंधर्व 1948 मध्ये बाहेरून आले आणि शेजारी देवासला स्थायिक झाले. म्हणजे एक तर इथून जावं, नाहीतर इथे यावं. जो इथेच शिकला, इथल्याच बँकेत चिकटला आणि इथूनच रिटायर होणार, त्याला मैफलीत जागा असते, पण ती दारापाशी. गळ्यात ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला घालून.

कुमारांवरून आठवलं. क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कान देऊन ऐकली आणि त्यातून केवढं गाणं उभं केलं! म्हणून मी मागच्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा 3 आठवडे खिडकीशी पडून कान टवकारले होते. मला वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू आला. तो सुरात होता, एवढंच.

आता रीतसर मार्ग. आकाशवाणीचं इंदूर केंद्र 22 मे 1955 ला सुरू झालं आणि मालवा हाउस हे त्याच्या इमारतीचं नाव इथल्या गाणाऱ्यांच्या घराघरांत बसलं. तिथे जाऊन गाऊन आलेला माणूस पुढे आठवडाभर रामबागेतून जरा सावकाश चालायचा, म्हणजे विचारणाऱ्याला विचारायला वेळ मिळावा. तिथे जायचं तर ऑडिशन द्यावं लागतं. ही ऑडिशनची शिस्त बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी माहिती-नभोवाणी मंत्र्याने 1952 नंतर कडक केली. गाणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्याला कळता कामा नये, त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचावा. मग बी, बी हाय, ए, टॉप, अशा श्रेण्या. पद्धत न्याय्य आहे, आणि तिथेच आपली पंचाईत होते. नाव सांगायचं नाही म्हणजे ‘मी अमक्यांचा शिष्य’ हेही सांगायचं नाही, आणि आपल्यापैकी निम्म्यांचं सगळं गाणं त्या एका वाक्यात असतं. ते गेलं की उरतो तो षड्ज, म्हणजे नुसता सा. तोही थरथरतो, कारण समोर लाल दिवा लागलेला असतो.

केसकरांना सिनेमाचं गाणं नको होतं. त्यांनी ते रेडिओवरून जवळजवळ हाकललं. लोकांनी काय केलं? बिलासखानी तोडी ऐकायला लागले? सिनेमाची गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे सुई वळवली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला स्वतःच सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा ‘लोकांना चांगलं ऐकवलं पाहिजे हो’ असं तुम्ही बैठकीत म्हणाल तर जरूर म्हणा, पण म्हणताना दार लावून घ्या.

पेटी वाजवत असाल तर आपली तक्रार आणखी जुनी आहे आणि तिचा अभिमान बाळगा. 1940 मध्ये रेडिओने पेटीला बंदी घातली. तिच्यावर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, तिच्या श्रुती आपल्या नाहीत, ती परकी, असे आक्षेप होते. दार किलकिलं झालं ते 1971 मध्ये. म्हणजे एका अख्ख्या पिढीचे पेटीवाले रेडिओवर न वाजवता म्हातारे झाले आणि त्यासाठी त्यांना स्वतः काहीच करावं लागलं नाही. तुम्हाला मात्र रेडिओवर न वाजायला स्वतःचे कष्ट घ्यावे लागतात.

हे सगळं दुरापास्त वाटत असेल तर गणेशोत्सव आहेच. मंडळाकडे जा, तुम्हाला वेळ मिळेल. पुण्याचे मुख्य कलाकार विमानतळावरून निघून हॉलवर पोचेपर्यंतची ती वेळ असते. कधी दोन गाणी, कधी अडीच. अडीचचीच तयारी करून जा, कारण तिसऱ्याच्या अंतऱ्यात कार्यकर्ता विंगेतून बोटांची कात्री करून दाखवतो. साउंडवाल्याला तुमच्याच आवाजावर पाहुण्यांचा माइक लावून घ्यायचा असतो, त्यामुळे तुम्ही गात असताना तो मधूनच ‘हॅलो, चेक’ म्हणतो. त्याला समेवर ‘चेक’ म्हणायला शिकवा. आमच्याकडच्याला आता येतं. कराओके क्लबांबद्दल मी काही बोलत नाही. तिथे पैसे भरून गायचं असतं, आणि पैसे भरलेल्या माणसाला कोणी बेसूर म्हणत नाही, हा मोठाच फायदा आहे.

किंवा स्वतःचं स्टेशन काढा! मी गंमत नाही करत. 2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचं दार बिगरसरकारी संस्थांनाही उघडलं. प्रक्षेपणाची ताकद फार तर 100 वॅट, किमान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला. वाचून मला भरून आलं. आमच्या बैठकीच्या खोलीतला जुना दिवा 100 वॅटचाच होता आणि आम्ही तर शंभर टक्के स्थानिक. फक्त परवाना एकट्यादुकट्याला मिळत नाही, नोंदणी झालेली संस्था लागते, तीही किमान 3 वर्षं जुनी. आम्ही शनिवारचे चौघे आहोत: मी, विम्याच्या ऑफिसातले तबलजी, औषधाच्या दुकानातले पेटीवाले आणि गणिताच्या शिकवण्या घेणारे बासरीवाले. संस्थेच्या नावाआधी अध्यक्षाचा विषय निघाला. त्यानंतरचे दोन शनिवार बासरी आली नाही.

त्या बैठकीत काय होतं ते विचारू नका. तबलजी हातोडीने वीस मिनिटं तबला मिळवतात आणि मिळाला की त्यांना चहा लागतो. तानपुरा माझ्या फोनमध्ये आहे. मी डोळे मिटून गंधारावर आलो की तानपुरा थांबतो आणि एक मुलगी मला क्रेडिट कार्ड देऊ करते. एका शनिवारी मात्र वीज गेली, फोनही मेला. तानपुरा नाही, पंखा नाही, रस्त्यावरची वर्दळही मंदावलेली. पेटीवाल्यांनी नुसता सा धरला आणि मी पूरिया धनाश्री सुरू केला. त्या दिवशी पंचम कसा कोण जाणे, आपणहून येऊन बसला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तबलजी म्हणाले, “वीज येऊन राहिली बहुतेक.” ती आली. रेकॉर्ड अर्थातच कोणी केलं नव्हतं.

असल्या गोष्टी रेडिओवर सांगायच्या नसतात. हे मला कळलं ते एका खासगी एफएमवाल्यांनी बोलावलं तेव्हा. इंदूरला खासगी एफएम 2001 मध्येच आलं. मला बोलावणं यायला तेवढी घाई नव्हती. जागतिक संगीत दिनाच्या निमित्ताने त्यांना ‘आम आदमी’ हवा होता आणि बहुधा मी फोनवर तसा वाटलो. माझ्या मुलीच्या वयाची निवेदिका फार गोड होती. तिने विचारलं, “अंकल, आपका स्ट्रगल क्या रहा?” मी म्हटलं, तार सप्तकातला मध्यम. ती थांबली, मग म्हणाली, “नहीं, मतलब इमोशनल स्ट्रगल.” तेव्हा हा सल्ला लिहून घ्या: एखादं दुःख तयार ठेवा. वडिलांनी पेटी फोडली, असं काहीतरी. माझ्या वडिलांनी पेटी घेऊन दिली होती, तिथेच माझं करिअर संपलं. मग ती म्हणाली, “चालीस सेकंड में कुछ पेपी सुना दीजिए.” मी अहिर भैरवची बंदिश सुनावली. चाळीस सेकंदांत मी कोमल रिषभापर्यंत पोचलो, पेपीपर्यंत नाही.

राहिलं ते प्रक्षेपण कसं ऐकावं. घरात रेडिओ नसतो, हे आयत्या वेळी लक्षात येतं. ट्रान्झिस्टर माळ्यावर, त्याच्यात सेल फुटलेले. मग चालू रेडिओ उरतो तो गाडीतला. आम्ही सकाळी साडेआठला चौघं खाली गाडीत जाऊन बसलो. सासूबाई पुढे, बायको आणि मुलगी मागे, मांडीवर पोह्यांच्या ताटल्या, काचा बंद. निवेदिकेने विजयनगर चौराह्यावरच्या जामची खबर दिली, एका गादीची जाहिरात झाली आणि मग माझं नाव आलं, आडनाव चुकवून.

पुढची गोष्ट समजायला तुम्हाला इंदूरचं असायला हवं. हे शहर 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, आणि रोज सकाळी महापालिकेची पिवळी कचरागाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत दारोदार फिरते. इथल्या घराघरांत न चुकता ऐकला जाणारा कार्यक्रम तेवढाच. ती 8 वाजून 42 मिनिटांनी आमच्या गल्लीत वळली. माझा षड्ज काळी दोनचा, गाडीचा कुठलातरी भलताच. मी रेडिओचा आवाज वाढवला. गाडीवाल्याने हॉर्न दिला, कारण मी गाडी नेमकी त्याच्या वाटेत लावली होती. सासूबाईंनी काच खाली केली.

“भिया, जरा आगे ले लो!” तो ओरडला.

मी गाडी पुढे घेतली. मागे वळून बघितलं तर मुलगी ताटलीवर बोटांनी ठेका धरून होती. माझा नव्हता, कचरागाडीचा. बायकोने शेवेचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, “अहो, तुमचं झालं, की अजून यायचंय?”