अंतराळात लढाई नसली म्हणून काय बिघडलं?

आग्रहाने वाचायला दिलेलं पुस्तक आज एका स्नेह्यांनी परत आणून दिलं. "काही घडतच नाही हो यात. ना लढाई, ना स्फोट. माणसं नुसती स्वयंपाक करतात, पोरं सांभाळतात. बायकी सायन्स फिक्शन!" हा शेरा ऐकल्यापासून डोकं तापलंय.

पुस्तक म्हणजे बेकी चेंबर्सचं 'रेकॉर्ड ऑफ अ स्पेसबॉर्न फ्यू', 2018 मधलं. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही म्हणून माणसं अंतराळ-जहाजांच्या ताफ्यातून निघाली आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिली. बाळ जन्मलं की त्याची दफ्तरात नोंद होते. कुणी गेलं की देहाचं खत होतं, ते बागांना जातं. एका पोराला तर तिथून कधी एकदा निघतो असं झालंय. काही घडत नाही म्हणे!

माझ्या आजीचं गाव तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही नातवंडं पुनर्वसनाच्या गावठाणात जन्मलो. आखीव प्लॉट, सरळ रस्ते आणि जुन्या गावाच्या नुसत्या गोष्टी. "मारोतीच्या पारावर आता मासे बसत असतीन," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. तो पार आम्ही कधी पाहिला नाही, पण त्यावर कोण कुठे बसायचं ते आजही सांगू शकतो. ताफ्यात जन्मलेल्या पोरांचं पृथ्वीशी नातं याहून वेगळं काय आहे?

ही कथा मी आजीला सांगितली होती. यान किती वेगाने जातं, हे तिने विचारलंच नाही. "पानी कुठून येतं तिथं?" हा पहिला प्रश्न. लगेच दुसरा, "आन् मानूस मेलं त कुठी नेता त्याले?" सगळं पुस्तक याच दोन प्रश्नांवर उभं आहे हो!

आणि ही नुसती कल्पनाही नाही. 2 नोव्हेंबर 2000 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सतत कोणी ना कोणी राहतंय. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यायचं. जवळपास 98 टक्के पाणी असं परत मिळवतात. तांदळाचं धुवण गाईला आणि आंघोळीचं पाणी लिंबाला घालणाऱ्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

मान्य, पुस्तक सुरुवातीला रेंगाळतं. लढाया आवडतात त्यांनी खुशाल लढाया वाचाव्यात. पण स्वयंपाक, बाळंतपण, म्हातारपण, मयत याला 'काही नाही' म्हणणाऱ्याला रोज ताट वाढतं कोण? आठ-दहा पिढ्या अंतराळात काढायच्या तर बंदुका पुरतील की भाकरी लागेल?

स्नेही माणूस म्हणून फार चांगले आहेत. गल्लीत कुणाकडे दुःख झालं की तिरडी बांधायला पहिले तेच हजर. म्हणून तर वाटलं होतं, हे पुस्तक त्यांना भिडेल. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

असो. पुस्तक माझ्याकडे आहे. इंग्रजी आहे, पण सोपं आहे, ज्यांना हवं त्यांनी घेऊन जा. आणि तापीकाठच्या बुडीत गावातल्या कुणा पोरीने अशी कथा मराठीत लिहायला घेतली, तर मला जरूर कळवा. आजीच्या सगळ्या गोष्टी तिला सांगायला मी बसायला तयार आहे.