टॉयलेट शुगर सांगतं म्हणून रक्त तपासणी बंद करू नका भो

दोन दिवसांपासून आमच्या भुसावळच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की जपानचं टॉयलेट लघवीवरून शुगर सांगतं, आता सुई टोचायची गरजच नाही. आणि आमचे मामा लगेच म्हणे, मग मी लॅबला कशाला जाऊ?

तर मेसेज अर्धा खरा आहे. टोटो कंपनीने 2005 मध्येच लघवीतली साखर मोजणारं टॉयलेट जपानमध्ये आणलं होतं, 2020 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमनेही एक प्रायोगिक टॉयलेट बनवलं, त्यात म्हणे फ्लशच्या दांड्यावरच्या बोटाच्या ठशावरून माणूस ओळखतात (घरात सहा जण असले तर ते लागणारच ना).

पण सुईची गरज नाही हे साफ चूक. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते, म्हणजे उपाशीपोटी 140, म्हणजे जास्तच, असली तरी टॉयलेट गप्प बसणार आणि तुम्ही खुश. कमी झालेली साखर तर त्यात दिसतच नाही. उलट मामांची डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे, ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते, त्यामुळे रक्तात नॉर्मल असलं तरी लघवीत साखर येणारच. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी पण रक्तातूनच होते.

अन् आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 ला टेकतो, पाणी कमी पडलं की लघवी घट्ट पिवळी होते, त्याने पण आकडे इकडचे तिकडे होतात.

मामा, सोमवारी उपाशीपोटी लॅबला चला, मी गाडी आणतो.