डेटा ठेवायचा तरी कुठे?

जिओसर्व्हर हा नकाशे वेबवर पुरवणारा उत्तम मुक्तस्रोत सर्व्हर आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु टॉमकॅटवर (जावाची वेब अॅप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर) त्याची वॉर फाइल, म्हणजे अॅप्लिकेशनचे एकगठ्ठा पॅकेज, चढवली की तो आपली डेटा डिरेक्टरी अॅप्लिकेशनच्याच फोल्डरात थाटतो आणि नवी आवृत्ती बसवताना जुने अॅप्लिकेशन अनडिप्लॉय केले, म्हणजे टॉमकॅटवरून उतरवले, की ते फोल्डर वर्कस्पेस (लेयरचे गट), स्टाइल (नकाशाच्या रंगरूपाचे नियम) आणि लेयर (नकाशाचे थर) यांच्या सगळ्या मांडणीसह पुसले जाते. भाड्याच्या खोलीच्या भिंतीत तिजोरी चिणावी, तशी ही व्यवस्था!

डिरेक्टरी बाहेर हलवावी तर तिचा पत्ता सांगण्याच्या जागा तीन: जावा सुरू करताना दिली जाणारी सिस्टिम प्रॉपर्टी, वेब डॉट एक्सएमएल या अॅप्लिकेशनच्या सेटिंग फाइलमधील कॉन्टेक्स्ट पॅरामीटर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. यांत पहिलीचा मान सर्वांत मोठा आणि शेवटचीचा सर्वांत कमी असल्यामुळे, आपण निष्ठेने व्हेरिएबल बदलत राहतो आणि पूर्वीच्या कोणा महाभागाने स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेली प्रॉपर्टी निमूटपणे जिंकत राहते.

एवढे निस्तरूनही डेबियन लिनक्सच्या टॉमकॅट पॅकेजवर गाडी पुन्हा अडते, कारण तेथे सिस्टमडीने (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थापकाने) टॉमकॅटच्या सेवेला ठरावीक फोल्डरांपुरतेच लिहू देण्याचे कुंपण घातलेले असते. डिरेक्टरीची मालकी टॉमकॅटच्या वापरकर्त्याकडे आहे, परवानग्या चोख आहेत, तरीही लॉगमध्ये फाइल सिस्टिम केवळ वाचनीय असल्याची तक्रार येते आणि भलेभले प्रशासक वैतागून सर्वांनाच लिहिण्याची मुभा देऊन टाकतात, ज्याचा येथे काडीचाही उपयोग नसतो. सेवेच्या ओव्हरराइड फाइलमध्ये (मूळ सेटिंगवर आपले बदल लिहिण्याच्या फाइलमध्ये) त्या मार्गाला लेखनाची परवानगी द्यावी लागते, हे त्या त्रुटीसंदेशाने एका ओळीत सांगितले असते तर काय बिघडले असते?