पहिला दिवस धरून

परवा मला पन्नास रुपये विलंब शुल्क भरावं लागलं. पन्नास रुपयांचं काही नाही हो. (असं म्हणणाऱ्या माणसाला बहुधा पन्नास रुपयांचंच असतं.)

एका दाखल्यासाठी अर्ज केला होता. कार्यालयाचं नाव सांगत नाही, दाखला अजून त्यांच्याच कपाटात आहे. एक झेरॉक्स कमी पडली म्हणून त्यांनी 9 जानेवारीला त्रुटीपत्र हातात ठेवलं: ‘पत्राच्या दिनांकापासून 15 दिवसांत पूर्तता करावी.’ 9 पासून 15 दिवस म्हणजे 24. त्या दिवशी शनिवार, मग रविवार, मग सव्वीस जानेवारी. मधल्या दिवसांत गेलो नव्हतो असं नाही. पण आधी संक्रांत, सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी, मग 15 ला मतदान. जाईन तेव्हा ‘संबंधित कर्मचारी इलेक्शन ड्यूटीवर’. म्हणून 27 ला, शटर वर जाता जाता खिडकीशी उभा राहिलो.

“मुदत 23 लाच संपली,” खिडकीतले साहेब म्हणाले. “पन्नास रुपये लेट फी.”

“23 ला कशी? 24 ला.”

“9 तारीख धरून मोजा.”

“ती कशाला धरायची? ‘9 पासून’ म्हटलंय.”

“मग 9 पासूनच मोजा की.”

इथे रांगेतून एक टोपी पुढे सरकली. टोपीखाली एक काका, काकांच्या काखेत भिंतीवरचं कॅलेंडर. गुंडाळी केलेलं, वर खिळ्याची दोरी तशीच लोंबत होती. घरातून निघताना माणूस चष्मा घेतो, पिशवी घेतो. या काकांनी भिंतच घेतली होती.

“थांबा ओ,” काका म्हणाले. “काय मोजायलाव?”

मी सांगितलं. चूक नव्हती ती, दुर्दैव होतं. एवढ्या आस्थेनं विचारल्यावर कोणीही सांगितलं असतं.

“मी गिरणीत टाइमकीपर होतो. अख्ख्या खात्याची हजेरी हितं असायची,” म्हणून त्यांनी कपाळावर टिचकी मारली. मग कॅलेंडर खिडकीच्या कठड्यावर पसरलं. ते पुन्हा पुन्हा गुंडाळलं जाई, म्हणून एका टोकावर साहेबांचा शिक्का ठेवला आणि दुसऱ्या टोकावर माझा हात. माझा हात तिथून पुढची वीस मिनिटं निघाला नाही.

अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. 9 ला थांबले. “आता हे पेर धरायचं का सोडायचं, तेवढाच प्रश्न हाय.”

“सोडायचं,” मी म्हणालो.

“बारसं कधी करताव?”

“कुणाचं?”

“कुणाचं बी. बाराव्या दिवशी. जन्माचा दिवस धरून का सोडून?”

“धरून.”

“तेरावा?”

“धरूनच.” माझा आवाज खाली गेला.

“दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या दिवशी बोळवताव का तिसऱ्या?”

रांगेतल्या एका बाईंनी “दुसऱ्या” म्हणून मान डोलावली. खिडकीतले साहेब तर खुर्ची पुढे ओढून बसले. सकाळपासून कोणी त्यांच्या बाजूनं बोललेलं नसावं. “बघा,” ते म्हणाले, “आजोबा पण म्हणायलेत, पहिला दिवस धरायचा.”

“मी कुठं म्हणालो?” काका भडकले. “देवाचं आन् माणसाचं सांगितलं. ऑफिसचं अजून यायचंय.”

पण ऑफिसचं येण्याआधी गिरणी आली. वर्षात 240 दिवस भरले की सेवा सलग धरायची, असा कायदा. मग बदलीवाल्याचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरत्या लावलेल्या कामगाराचे, दिवस त्या आकड्याजवळ यायला लागले की वरून चिठ्ठी यायची: ह्याला उद्यापासून घरी बसवा. “मी बसवायचो,” काका म्हणाले. “पोरगं रोज गेटवर यायचं. गेटवर आलेला दिवस हजेरीत धरत नाहीत.” ग्रॅच्युइटीचं मात्र बरं होतं म्हणाले. तिथं महिना 26 दिवसांचा धरून पंधरा दिवसांचा पगार काढतात, 30 नं भागत नाहीत, म्हणून चार पैसे जास्त येतात. “दिवसाचा हिशोब आमच्याकडनं झुकलेला मी तेवढाच बघितला.” हे बोलताना अंगठा अजून त्याच पेरावर होता.

तसं सोलापूरकराला दिवस मोजायला कोणी शिकवू नये. आमच्या नळाला पाणी ‘चार दिवसाआड’ येतं. म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत, आणि ज्यांचं गणित चुकतं ते बादली घेऊन दुसऱ्या पक्षाच्या दारात उभे राहतात. पाण्याच्या दिवसांत शनिवार-रविवार वगळत नाहीत, हे नशीब. सुट्ट्यांचंही एक नाही. राज्य सरकारी कचेऱ्या 2020 च्या फेब्रुवारीअखेरपासून सगळे शनिवार बंद, बँका 2015 पासून फक्त दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. म्हणजे 31 ला शनिवारी मी बँकेतून पैसे काढू शकेन, पण ते इथे भरू शकणार नाही. पुण्यातल्या पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, एक्सेलमध्ये नेटवर्कडेज घाल, कामाचे दिवस मोजणारं सूत्र. त्यात दोन्ही टोकं धरतात. नुसती तारखांची वजाबाकी केली तर एकच धरतात. म्हणजे यंत्रातही काका आणि मी असे दोघं बसलेले आहेतच.

शेवटी मी हुकमाचा पत्ता काढला. 1897 चा सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियम. कलम 9: ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस सोडायचा. कलम 10: शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत. दोन्ही कलमं जणू माझ्या झेरॉक्ससाठीच लिहिलेली.

“तो केंद्राचा,” साहेब म्हणाले. “आमचं राज्याचं आहे.”

राज्याचाही 1904 चा तसाच कायदा आहे, हे मला घरी आल्यावर सापडलं. हे असलं नेहमी घरी आल्यावरच सापडतं, आणि बायकोला ऐकवून पन्नास रुपये परत येत नाहीत.

काकांनी निकाल दिला: “ऑफिसच्या पत्राला पहिला दिवस सोडायचा. हे बरोबर हायत.” पण मघाशी ‘आजोबा पण म्हणायलेत’ म्हणणाऱ्या साहेबांना आता आजोबा ऐकू येईनात. मागची रांग कुरकुरायला लागली, गणपतीवाल्या बाईसुद्धा “भरा की ओ पन्नास” म्हणाल्या. भरले.

“दाखला कधी मिळेल?”

“सात दिवसांत. कामकाजाच्या.”

माझे 15 दिवस मोजताना त्यात शनिवार होते, रविवार होते, मतदान होतं. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदनसुद्धा मला उशीर करूनच गेलं. त्यांच्या सातांत यातलं काही शिरणार नाही. एका खिडकीच्या आतला दिवस आणि बाहेरचा दिवस एकाच कॅलेंडरवर छापतात, हेच मला पटत नाही.

“आजचा दिवस धरून सात का सोडून?” काकांनी विचारलं. तेवढ्यात त्यांनी कॅलेंडर उलटून फेब्रुवारी काढला होता.

साहेबांनी पावतीवर शिक्का मारला. “आजचा कसा धरणार? अर्धा दिवस तर ह्यांनीच खाल्ला.”

“मग 5 तारीख,” काका म्हणाले. “गुरुवार.”

“गुरुवारी साहेब दौऱ्यावर असतात,” साहेब म्हणाले. त्यांच्यावरही साहेब होते तर. “शुक्रवारी या. बाराच्या आत.”